बेस ऐकू येतोय का?

“हॅलो... चेक, चेक... बेस ऐकू येतोय का?”

गॅदरिंगच्या आदल्या रात्री आपल्या ऑडिटोरियममध्ये हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो, आणि मागच्या खुर्च्यांवर लोळत पडलेली मंडळी दरवर्षी एका सुरात उत्तर देतात, “नाही!” २००६ साली हा प्रश्न विचारणारा मी होतो. तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो, हॉस्टेलला राहत होतो आणि आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवत होतो. आता याच कॉलेजात सिग्नल्स अँड सिस्टिम्स शिकवतो. काही जण माझ्या विषयाला दुसऱ्यांदा बसले आहेत, त्यांना माझी वेगळी ओळख करून द्यायला नको.

यंदा संपादक मंडळातली मुलं केबिनमध्ये आली आणि म्हणाली, “सर, मराठी विभागात सगळ्या कविताच आल्यात. तुम्ही काहीतरी अभ्यासाचं द्या ना.” तेव्हा हा लेख अभ्यासाचा आहे असं समजूनच वाचावा. यात तरंगलांबी आहे, हार्मोनिक्स आहेत, भिंतीवर आपटून परत येणारा आवाज आहे. फक्त हे सगळं मला नीट समजलं ते लॅबमध्ये नाही. ते समजलं अमेरिकेतल्या एका बुटक्या छताच्या, बिअरचा वास मारणाऱ्या क्लबमध्ये, २०११ साली. शिकवणाऱ्याचं नाव टोनी लेव्हिन. आपण त्या रात्री कोणाला काही शिकवलं हे त्याला आजही माहीत नसणार.

आधी हॉस्टेलचं सांगतो. आमच्या काळी, म्हणजे २००३ ते २००७, गाणी ‘मिळवावी’ लागायची. आमच्या मजल्यावर एकाचं मशीन चोवीस तास चालू असे आणि त्याचा शेअर्ड फोल्डर म्हणजे आमचं विद्यापीठ. (ते कायदेशीर होतं का, हा प्रश्न व्हायव्हात विचारू नये.) त्या फोल्डरमध्ये एके दिवशी किंग क्रिम्सन या ब्रिटिश बँडचा ‘डिसिप्लिन’ नावाचा १९८१ सालचा अल्बम सापडला. पहिलंच गाणं ‘एलिफंट टॉक’. त्याच्या सुरुवातीला एक वाद्य वाजतं. म्हटलं तर बेस, म्हटलं तर गिटार, म्हटलं तर टाइपरायटरवर कोणीतरी भराभर बोटं चालवतंय. मी आणि आमचा ड्रमर, त्यावर दोन रात्री भांडलो. मी म्हणालो दोन माणसं वाजवताहेत. तो म्हणाला एकच. ड्रमरचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तो आता एका कंपनीत बऱ्यापैकी मोठा साहेब आहे आणि हा अंक त्याच्याकडे जातो.

ड्रमर बरोबर होता. वाजवणारा एकच होता, टोनी लेव्हिन, आणि वाद्य होतं चॅपमन स्टिक. एमेट चॅपमन या अमेरिकन गिटारवादकाने १९६९ मध्ये दोन्ही हातांची बोटं तारांवर वरून टेकवून वाजवण्याची आपली पद्धत बसवली आणि त्या पद्धतीला साजेसं वाद्य १९७४ पासून विकायला काढलं. नुसती एक रुंद पट्टी, तिच्यावर दहा किंवा बारा तारा. अर्ध्या खालच्या सुरांच्या, अर्ध्या वरच्या. गिटारमध्ये एक हात तार दाबतो आणि दुसरा छेडतो, म्हणजे एका सुरासाठी दोन हात लागतात. स्टिकवर बोट तारेवर आपटलं की तार पडद्यावर आदळते आणि त्याच आघाताने सूर निघतो. एका सुराला एकच बोट! त्यामुळे दोन हात दोन स्वतंत्र गोष्टी वाजवू शकतात. खालच्या आणि वरच्या तारांचे पिकअपही वेगळे असतात, म्हणजे दोन वेगळ्या चॅनेलवर आवाज नेता येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर एका कव्हरमध्ये दोन जर्नल्स.

लेव्हिनचा जन्म १९४६ चा, बोस्टनचा. लहानपणापासून उभा, मोठा, गजाने वाजवायचा डबल बेस शिकला. रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतशाळेत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं रीतसर शिक्षण झालं. तिथे स्टीव्ह गॅड नावाचा ड्रमर भेटला आणि गडी जॅझ आणि रॉककडे वळला. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये बोलावतील तिथे जाऊन वाजवायचा. पॉल सायमनबरोबर १९७५ मध्ये, पीटर गेब्रियलबरोबर १९७७ पासून, जॉन लेननच्या १९८० च्या ‘डबल फँटसी’वर, पिंक फ्लॉइडच्या १९८७ च्या अल्बमवर. म्हणजे तुम्ही टोनी लेव्हिनला ऐकलेलं आहे, फक्त तुम्हाला ते ठाऊक नाही. बेसिस्टचं आयुष्य असंच असतं.

यातला इंजिनिअर मला फार आवडतो. गेब्रियलच्या १९८६ च्या ‘सो’ अल्बमवर ‘बिग टाइम’ नावाचं गाणं आहे. त्यात लेव्हिनने डाव्या हाताने सूर दाबले आणि ड्रमर जेरी मरोटाने चक्क ड्रमच्या काठ्यांनी बेसच्या तारा बडवल्या. पुढे स्टेजवर हे एकट्याने कसं करायचं? गेब्रियलने सुचवलं की काठ्यांचे तुकडे बोटांनाच बांध. लेव्हिनने ते केलं, आणि त्या जुगाडाचं नाव पडलं फंक फिंगर्स. आता बघा, बोट मऊ असतं, तारेशी त्याचा स्पर्श जास्त वेळ टिकतो. लाकूड कडक, स्पर्श क्षणाचा. आघात जितका थोडक्या वेळाचा, तितका त्याचा स्पेक्ट्रम रुंद, हे तुम्ही माझ्याच पेपरात लिहून मार्क मिळवता. तारेतून वरचे हार्मोनिक्स उसळून येतात आणि सुराला टणका येतो. त्याच अल्बमवरच्या ‘डोन्ट गिव्ह अप’च्या शेवटच्या भागासाठी त्याला याच्या अगदी उलट, दबका आवाज हवा होता. तान्हं बाळ सोबत असल्यामुळे हाताशी बाळाचा लंगोट होता, तोच त्याने तारांखाली खुपसला असं सांगतात. डॅम्पिंग! वरचे हार्मोनिक्स आधी मरतात, सूर लवकर संपतो, उरतो तो फक्त ‘धप्’. दुसऱ्या वर्षाच्या व्हायब्रेशन्सच्या प्रॅक्टिकलला हा प्रयोग ठेवला तर हजेरी वाढेल, पण विभागप्रमुख परवानगी देतील असं वाटत नाही.

तर हे सगळं मी वाचून आणि ऐकून गोळा केलेलं होतं. ऐकून म्हणजे कशावर? तर तळहाताएवढ्या दोन कॉम्प्युटर स्पीकर्सवर. इथे थोडं थांबू.

बेस गिटारची सर्वांत जाड मोकळी तार, ई, साधारण ४१.२ हर्ट्झला कंप पावते. स्पीकरला तेवढ्याच जोराचा आवाज निम्म्या फ्रिक्वेन्सीला काढायचा असेल तर पडदा चौपट सरकावा लागतो. तीन इंची पडदा तेवढा सरकूच शकत नाही. ४१ हर्ट्झला तो जवळपास मुका असतो. मग आपल्याला त्यावर बेसचा सूर ओळखू कसा येतो? कारण तारेतून ८२.४, १२३.६, १६४.८ अशा पटीही निघतात आणि त्या छोट्या स्पीकरमधून बऱ्यापैकी बाहेर पडतात. या सगळ्यांची बेरीज केली की मूळ ४१.२ गायब असला तरी तरंगाची पुनरावृत्ती दर २४ मिलिसेकंदांनीच होते. मेंदू ती पुनरावृत्ती पकडतो आणि नसलेला सूर भरून काढतो. याला मिसिंग फंडामेंटल म्हणतात. आज तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर जो बेस ‘ऐकता’ तो याच जातीचा. म्हणजे चार वर्षं हॉस्टेलवर मी टोनी लेव्हिनची नुसती सावली ऐकली होती. आणि त्या सावलीवरून मी बेस वाजवायला शिकलो होतो.

त्याचा परिणाम २००६ च्या गॅदरिंगला दिसला.

बेस मी निवडला नव्हता. दोघांना गिटार येत होती, एकाला गाता येत होतं, ड्रमर पक्का होता, आणि बेससाठी कोणी नाही म्हणून मी. आमच्यात असा समज होता की ज्याला गिटार जमत नाही तो बेस वाजवतो. मला ते फार लागायचं. त्यामुळे आपण स्टेजवर दिसलो पाहिजे, ऐकू आलो पाहिजे, हे डोक्यात पक्कं बसलेलं. साउंड चेकच्या वेळी बेसचा अँप डाव्या विंगेत ड्रम्सजवळ ठेवला होता. ड्रमर म्हणाला, “इकडे ये ना, माझ्याजवळ उभा राहा.” मी म्हणालो, नको, आणि पार उजवीकडे भिंतीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिथे लाइट चांगला पडत होता आणि लेडीज हॉस्टेलच्या खुर्च्या त्याच बाजूला असायच्या. खोटं कशाला बोला?

कार्यक्रम सुरू झाला आणि मला माझा बेस ऐकूच येईना. वरचे सूर यायचे, खालच्या तारेवर गेलो की गायब. मी व्हॉल्यूम वाढवला. तरी नाही. मग ज्या सुरांना आवाज येत होता तेच जास्त वाजवू लागलो. जिथे एक सूर पुरेसा होता तिथे चार. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ड्रमरची किक एकीकडे आणि माझा बेस दुसरीकडे. गाणाऱ्याने वळून पाहिलं. गिटारवाले थांबले. ज्याला आपण पोपट होणं म्हणतो तो साडेसातशे लोकांसमोर झाला. मागून शिट्ट्या आणि त्या काळचे सगळे ठरलेले आवाज आले.

विंगेत गेल्यावर ड्रमर एवढंच म्हणाला, “तू माझं ऐकतच नाहीस.” मी म्हणालो, “मला माझंच ऐकू येत नाही, तुझं काय ऐकू?” त्यावर आणखी बरंच बोलणं झालं, ते छापण्यासारखं नाही. बँड तिथेच संपला. पुढचं अख्खं वर्ष आम्ही एका मजल्यावर, चार खोल्या सोडून राहिलो आणि बोललो नाही. मेसमध्ये तो डावीकडच्या टेबलावर असला की मी उजवीकडे. बी.ई.च्या प्रोजेक्टची सबमिशनं झाली, फेअरवेल झाला, हॉस्टेल सुटलं. बोललो नाही.

आता २०११. तीन वर्षं नोकरी करून मी अमेरिकेच्या ईशान्य भागात एम.एस. करत होतो. तिकडच्या शरद ऋतूत ‘टू ऑफ अ परफेक्ट ट्रायो’ नावाचा दौरा निघाला होता. दोन तिकड्या एकत्र : एक लेव्हिनची स्टिक मेन, त्यात ड्रमर पॅट मॅस्टेलॉटो आणि टच गिटार वाजवणारा मार्कस रॉयटर, दुसरी एड्रियन बिल्यूची, त्यात बेसवर ज्युली स्लिक आणि ड्रम्सवर टोबायस राल्फ. बिल्यू म्हणजे ‘डिसिप्लिन’वर गाणारा आणि गिटार वाजवणाराच. हा दौरा आमच्या गावापासून बसने दीड तासावरच्या एका क्लबमध्ये येणार होता. तिकिटाची किंमत माझ्या आठवड्याच्या किराण्याइतकी. तो आठवडा मॅगीवर काढला, हॉस्टेलची सवय कामाला आली.

मी स्टेडियमची कल्पना करून गेलो होतो. प्रत्यक्षात आपल्या ड्रॉइंग हॉलपेक्षा जरा मोठी जागा. छत बुटकं, एका बाजूला बार, मध्ये दोन खांब, फार तर दोनशे माणसं. त्यातली निम्मी माझ्या वडिलांच्या वयाची. स्टेज गुडघ्याएवढं उंच. लेननबरोबर वाजवलेला माणूस माझ्यापासून पंधरा फुटांवर, टक्कल, मिशा, काळे कपडे, शांतपणे स्टिकचा पट्टा अडकवतोय. तो स्टेजवरून प्रेक्षकांचे फोटो काढतो हे वाचलं होतं.

आणि मग पहिला खालचा सूर आला.

तो कानाने ऐकू आला असं म्हणता येणार नाही. आधी बुटाच्या तळव्यांना कळला, मग छातीच्या पिंजऱ्याला, आणि हातातल्या प्लॅस्टिकच्या ग्लासातल्या पाण्यावर वर्तुळं दिसली. आपल्याकडे मिरवणुकीत ढोलपथकाच्या मध्ये उभं राहिल्यावर पोटात जे होतं तसं, पण इथे त्याला नेमका सूर होता. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेला आवाज मोठा करून खोलीएवढा केला तर जे होईल ते. फोल्डरमधल्या त्या फायलीत हे नव्हतंच! मी इतकी वर्षं ज्याला बेस समजत होतो त्याचा अर्धा भाग मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. मला थोडा रागही आला, कोणावर ते कळलं नाही.

काही वेळाने मी पाणी आणायला मागे गेलो आणि एक गंमत झाली. बिल्यूची तिकडी वाजवत होती. मागच्या भिंतीला टेकलो तर स्लिकच्या बेसचा आवाज दणदणीत. दोन पावलं पुढे आलो, जरा कमी. आणखी पुढे आलो तर तिचा खालचा ई जवळजवळ नाहीसा, पण ए मात्र व्यवस्थित. परत मागे गेलो, ई परत आला. शेजारचा माणूस माझ्याकडे संशयाने बघू लागला. त्याला काय सांगणार, की मी इथे सर्व्हे करतोय?

ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद धरा. भागिले ४१.२. तरंगलांबी सुमारे ८.३ मीटर! हा तरंग भिंतीवर आपटून परत येतो आणि येणाऱ्या तरंगात मिसळतो. भिंतीपाशी दाब सर्वांत जास्त. भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे २.०८ मीटरवर, जाणारा आणि येणारा तरंग एकमेकांना मारतात. तिथे उभं राहिलात तर ई ऐकू येणार नाही, अँप कितीही मोठा करा. ए ची मोकळी तार ५५ हर्ट्झची, तिची मेलेली जागा भिंतीपासून १.५६ मीटरवर. म्हणजे प्रत्येक सुराची मेलेली जागा वेगळी. खऱ्या खोलीला चार भिंती, छत आणि जमीन असते, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. पण मुख्य गोष्ट हीच.

२.०८ मीटर म्हणजे पावणेसात फूट. मी बारवरचा टिश्यू पेपर घेतला आणि आपल्या ऑडिटोरियमचं स्टेज काढलं. अँप डाव्या विंगेत. मी उजव्या भिंतीपासून... सहा-सात फूट. अहो, मी बरोब्बर खड्ड्यात उभा होतो! पाच वर्षं ज्याचं उत्तर मिळत नव्हतं ते टिश्यू पेपरवर समोर होतं. मला माझा बेस ऐकू येत नव्हता हे खरंच होतं. मी निर्दोष होतो. फिजिक्सने मला सोडवलं होतं. तो टिश्यू मी घडी घालून पाकिटात ठेवला. ड्रमरला स्कॅन करून पाठवायचा, हे ठरलं.

हा आनंद साधारण अर्धा तास टिकला.

शेवटच्या भागात सहाही जण एकत्र स्टेजवर आले. म्हणजे दोन ड्रमर आणि दोन बेसवाले! एका लहान स्टेजवर, बुटक्या छताखाली. आमच्या हॉस्टेलच्या अनुभवावरून सांगतो, हे भांडणाचं निमंत्रण आहे. एका बाजूला पासष्ट वर्षांचा लेव्हिन, दुसऱ्या बाजूला पंचविशीतली स्लिक. मी फक्त या दोघांकडे बघत राहिलो.

लेव्हिन वाजवताना स्वतःच्या हातांकडे फार बघत नव्हता. तो मॅस्टेलॉटोकडे बघत होता. नीट पाहिल्यावर कळलं की चेहऱ्याकडे नाही, किकच्या पॅडलवरच्या पायाकडे. पाय खाली जायचा त्याच क्षणी याचं बोट. किकचा आवाज आणि बेसचा खालचा भाग दोन्ही एकाच पट्ट्यात बसतात, साठ-सत्तर हर्ट्झच्या आसपास. दोन्ही नेमके एका वेळी आले तर कानाला एकच मोठा सूर ऐकू येतो, ज्याला सुरुवातीला ठोका आहे आणि नंतर लांबी. वीस-तीस मिलिसेकंद इकडेतिकडे झाले की दोन्ही मळतात. आणि बेस सतत वाजत राहिला, मध्ये जागाच सोडली नाही, तर किक त्याखाली गाडली जाते. याला मास्किंग म्हणतात. २००६ मध्ये मी ड्रमरच्या किकचं जे केलं त्याला हा शास्त्रीय शब्द आहे. विंगेत त्याने वेगळा शब्द वापरला होता.

मग मी पाहिलं की जेव्हा स्लिक खालचा सूर धरून असते तेव्हा लेव्हिन खाली जातच नाही. वरच्या तारांवर काहीतरी बारीक विणत राहतो. काही ठिकाणी तर त्याने दोन्ही हात तारांवरून उचलले आणि नुसता उभा राहिला. चार ठोके. आठ ठोके. मान हलतेय, पाय हलतोय, हात मोकळे. ज्याच्यासाठी मी आठवडाभर मॅगी खाल्ली तो माणूस काहीच वाजवत नव्हता, आणि गाणं भरलेलं वाटत होतं! आठ ठोक्यांनी तो परत आला तेव्हा पुन्हा छातीत ते झालं. तो नसताना जी जागा रिकामी होती ती तो आल्यावरच जाणवली.

मग ‘एलिफंट टॉक’ झालं. जिच्यावर आम्ही दोन रात्री भांडलो होतो ती सुरुवात. पंधरा फुटांवरून बघितलं, एकच माणूस, दोन हात.

खिशातल्या टिश्यू पेपरची मला लाज वाटायला लागली. मी खड्ड्यात उभा होतो हे खरं. पण त्या दिवशी मला स्वतःचा बेस ऐकू येत नसला तरी ड्रमरची किक ऐकू येत होती. अगदी स्पष्ट ऐकू येत होती. तिच्यावर बोट ठेवून मी सूर न ऐकताही वाजवू शकलो असतो. मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही, मी माझाच आवाज शोधत होतो. फिजिक्सने मला निम्मंच सोडवलं होतं.

कार्यक्रमानंतर सीडी घ्यायला लोक टेबलापाशी जमले. मीही रांगेत उभा राहिलो. सीडीला पैसे नव्हते, पण विचारायला एक प्रश्न तयार होता, फ्रिक्वेन्सी वगैरे घालून. नंबर आला तेव्हा तोंडातून फक्त “थँक यू” निघालं. त्याने मान डोलावली. बस्स. शेवटची बस चुकेल म्हणून पळालो.

बसमध्ये मेल लिहिला. मराठीत, रोमन अक्षरांत, तेव्हा तसंच लिहायचो. टिश्यूचं काहीच लिहिलं नाही. लिहिलं की गॅदरिंगला तुझी किक मला ऐकू येत होती, मी ऐकली नाही. आणि ‘एलिफंट टॉक’ एकच माणूस वाजवतो, मी डोळ्यांनी पाहिलं, तू जिंकलास. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी एक ओळ आली : “तुला सांगितलं होतं, माझ्याजवळ उभा राहा.”

लेव्हिनचं पुढचं थोडक्यात सांगतो. किंग क्रिम्सनबरोबर तो २०२१ च्या शेवटच्या दौऱ्यापर्यंत होता. स्टिक बनवणारा एमेट चॅपमन त्याच वर्षी गेला. २०२४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेव्हिनने स्वतःचा नवा अल्बम काढला आणि बिल्यू, स्टीव्ह व्हाय आणि डॅनी कॅरी यांच्याबरोबर ‘बीट’ नावाने क्रिम्सनची ऐंशीच्या दशकातली गाणी घेऊन पुन्हा दौऱ्यावर निघाला. यावेळी मोठ्या थिएटरांत. मी गेलो नाही. आता इतक्या जवळून दिसणार नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण विमानाचं तिकीट.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्याला आमचा ड्रमर आला. केस गेलेत, पोट आलंय, पाय तसाच आहे, टेबलाखाली सतत हलतो. जेवण झाल्यावर मी त्याला म्हटलं, “चल, एक गोष्ट मोजायचीय.” लॅबमधून सिग्नल जनरेटर घेतला, बँडच्या मुलांकडून बेसचा अँप, वर्कशॉपमधून मोजपट्टी. ऑडिटोरियमच्या डाव्या विंगेत अँप ठेवला आणि ४१ हर्ट्झ लावला. खिडक्यांची तावदानं वाजायला लागली. वॉचमन धावत आला, त्याला वाटलं जनरेटरचं काही बिघडलं. ड्रमर उजव्या भिंतीपासून हळूहळू पावलं टाकत निघाला. “आहे... आहे... कमी झाला... अरे, गेला!” मी खडूने फुली मारली. मोजलं. सात फुटांना थोडं कमी. डेसिबलचे आकडे इथे देत नाही, आमचा मीटर कॅलिब्रेट केलेला नव्हता, आणि दुसऱ्या वर्षाची मुलं लगेच त्यावर बोट ठेवतील. ज्यांना मिनी प्रोजेक्ट सुचत नाहीये त्यांनी हे नीट करावं, स्टेजचा पूर्ण नकाशा काढावा, मी मार्क देईन.

ड्रमर त्या फुलीवर उभा राहून बराच वेळ खाली बघत होता. म्हणाला, “म्हणजे तुला खरंच ऐकू येत नव्हतं.”

“नव्हतं.”

“मला वाटलं तू थापा मारतोयस.”

बँडच्या मुलांचा ड्रमसेट मागे तसाच होता. तो जाऊन बसला, किकवर दोन-तीनदा पाय मारून बघितला आणि मला म्हणाला, “आता इकडे ये.” मुलांपैकी एकाने मला बेस दिला. तारा गंजलेल्या, एक पडदा झिजलेला. मी त्याच्या डाव्या हाताला, किकपासून दोन फुटांवर उभा राहिलो. गाणं कुठलंच येत नव्हतं. तो किक मारत राहिला आणि मी एकच ई त्याच्या पायाखाली ठेवत राहिलो. मध्ये एकदा मी हात उचलले, चार ठोके. त्याने वर बघितलं. वॉचमनने दिवे घालवेपर्यंत साधारण दहा मिनिटं हे चाललं.